चढावर थांबलेली गाडी मागे न घसरता कशी काढावी

विदर्भात गाडी शिकणे बहुधा सपाट रस्त्यावरच होते. त्यामुळे परतवाड्याहून चिखलदऱ्याला किंवा मलकापूरहून राजूर घाटाने बुलढाण्याला जाताना पुढची एसटी चढावर अचानक थांबली, की नवा चालक घाबरतो. अडचण उजव्या पायाची असते: ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर जाण्याच्या त्या क्षणात गाडीला धरून ठेवणारे काहीच नसते. म्हणून ते काम हँडब्रेककडे सोपवावे.

थांबताना पुढच्या वाहनापासून निदान एका गाडीचे अंतर ठेवावे, कारण भरलेला ट्रॅक्टर निघताना थोडा मागे येऊ शकतो. गाडी पूर्ण थांबल्यावर हँडब्रेक घट्ट ओढावा आणि वेळ लागणार असेल तर गिअर न्यूट्रलमध्ये आणावा. अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरण्याची सवय अनेकांना असते. ती मला अजिबात मान्य नाही, कारण त्यात क्लचप्लेट तापते आणि लवकर झिजते.

निघताना क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकावा, आरशात मागे पाहावे आणि ॲक्सिलरेटर हलका दाबून क्लच अगदी सावकाश वर सोडावा. इंजिनाचा आवाज जड होऊन बॉनेट किंचित वर उचलल्यासारखे वाटले, की क्लचने पकड घेतली असे समजावे. येथे डावा पाय स्थिर ठेवणे हेच या साऱ्यातील खरे कौशल्य आहे. आता ॲक्सिलरेटर थोडा वाढवत हँडब्रेक हळूहळू सोडावा आणि गाडी पुढे सरकू लागल्यावरच क्लच पूर्ण सोडावा.

गाडी मागे जाऊ लागली, तर क्लच व ब्रेक दोन्ही दाबावेत, हँडब्रेक पुन्हा ओढावा आणि शांतपणे पहिल्यापासून सुरुवात करावी. इंजिन बंद पडले तरी आधी ब्रेक, मग चावी. मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी घाई करू नये. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट देण्याचा नियमच आहे, तेव्हा उतरणाऱ्यांनीही थांबावे.

सराव गावाबाहेरच्या कमी वर्दळीच्या चढावर, दिवसाउजेडी आणि जाणत्या चालकाला शेजारी बसवून करावा.

चढावर गाडी उभी करून उतरायचे असल्यास हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. उतारावर तोंड असेल तर रिव्हर्समध्ये. चढावरच्या गाडीच्या मागच्या चाकामागे दगड लावावा आणि निघताना तो रस्त्याच्या कडेला टाकावा, कारण अंधारात असा दगड मोटारसायकलस्वाराला दिसत नाही.