मोरचुदातलं स्फटिकजल कसं मोजायचं

रिकामी चिनी मातीची मूस आधी तापवा, डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करून वजन करा. तिच्यात बारीक कुटलेलं मोरचूद (निळं कॉपर सल्फेट) २.५० ग्रॅम घ्या. ज्योत मंदच ठेवा. घाई केली की कण तडतडून बाहेर उडतात आणि पाणी खऱ्यापेक्षा जास्त भरतं. पांढरी भुकटी झाली तरी थांबू नका: तापवा, गार करा, वजन करा, सलग दोन वजनं जुळेपर्यंत. काळं पडलं तर क्षाराचंच विघटन झालंय, नव्याने सुरुवात करा. पुण्याच्या पावसाळ्यात तर मूस ओट्यावर उघडी ठेवूच नका. भुकटी हवेतली ओल ओढून पुन्हा निळसर होते.

१.६० ग्रॅम उरले, तर पाणी ०.९० ग्रॅम. कोरड्या कॉपर सल्फेटच्या आणि पाण्याच्या एका मोलचं वजन, म्हणजे अनुक्रमे १५९.५ आणि १८ ग्रॅम, त्याने भागा: ०.०१ मोल क्षार, ०.०५ मोल पाणी. गुणोत्तर १:५, म्हणजे क्षाराच्या एका मोलमागे पाण्याचे पाच मोल.