रीफ टँकमध्ये गोगलगायी वाढल्या? आधी ओळखा, मग हात घाला

२०२२च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवच्या शिवारांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती. त्यामुळे रीफ टँकच्या, म्हणजे जिवंत प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीच्या, काचेवर दहा-वीस गोगलगायी दिसल्या की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, औषध कोणतं? रीफ टँकमध्ये उत्तर एकच, कोणतंच नाही. शेतात गोगलगायी मारायला वापरतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या तर सोडाच, माशांच्या रोगांवरची तांबंयुक्त औषधंसुद्धा कोळंबी, खेकडे, प्रवाळ यांच्या जिवावर उठतात, आणि खडकांत मुरलेलं तांबं सहजासहजी निघत नाही. शिवाय एकदम मेलेल्या गोगलगायी कुजल्या की अमोनिया चढतो.

पायरी १ : रात्री बघा. दिवे बंद करून तास-दोन तास झाले की टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा आणि खडक, काच, वाळू निरखा. चपट्या शंखाची, भरभर पळणारी स्टोमॅटेला किंवा काचेवरच्या बारीक गोल कोलोनिस्टा दिसल्या तर निवांत झोपा. त्या शेवाळ खातात, प्रवाळाला हात लावत नाहीत. टोकदार सेरिथ काचेवर पांढरी नागमोडी अंडी घालते, पण त्यातली बहुतेक पिल्लं जगत नाहीत. धोक्याच्या तीन. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची सनडायल झोअँथिड (प्रवाळासारखे खडकाला चिकटून वाढणारे जीव) खाते. तांदळाच्या कणीएवढी पांढरी पिरॅमिड गोगलगाय मोठ्या गोगलगायींच्या किंवा शिंपल्यांच्या कडेला बसून त्यांचा रस शोषते. तिसरी व्हर्मेटिड, तिच्याकडे पुढे येतो.

पायरी २ : खाणं कमी करा. निरुपद्रवी गोगलगायींची संख्या खाण्यावर ठरते. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील तेवढंच टाका, फ्रोझन खाद्य गाळणीत धुऊन घ्या. बोअरचं पाणी भरत असाल तर शेवाळाला खतच घालताय. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार तर असतातच, बऱ्याच ठिकाणी नायट्रेटही असतं. आरओच्या पुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन लावा, विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवेल असं बघा. आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला, संडासला वापरा. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी मागवावं लागलेल्या लातुरात हे वेगळं सांगायला नको.

पायरी ३ : हाताने वेचा. रात्री एका छोट्या वाटीत नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा ठेवा, मांसाहारी गोगलगायींसाठी कोळंबीचा. तासाभराने वाटी अलगद उचला. वाटी काचेची घ्या, तांब्या-पितळेची नको. जास्तीच्या गोगलगायी दुसऱ्या टँकवाल्याला द्या. गोदावरीत सोडू नका, गोड्या पाण्यात त्या मरतात.

पायरी ४ : व्हर्मेटिड. ही चालतच नाही. खडकाला चिकटलेल्या कडक, टोकदार नळीत राहते आणि चिकट जाळं सोडून पाण्यातले कण पकडते. ते जाळं प्रवाळावर पडलं की त्याचे पॉलिप (प्रवाळ ज्यांनी बनतं ते बारीक जीव) मिटून राहतात. प्रवाळासाठीची पावडर, फायटोप्लँक्टन असं बारीक खाद्य काही आठवडे थांबवा. नळ्या मोजक्या असतील तर खडक बादलीत काढून चिमट्याने बुडापासून तोडा आणि उरलेलं भोक जेल स्वरूपातल्या सुपरग्लूने बुजवा. पातळ ग्लू पसरतो, तो नको. टँकच्या आत तोडत असाल तर तुकडे लगेच सायफनने ओढून घ्या. हातमोजे आणि चष्मा घालाच. खडक उकळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. झोअँथिड असलेल्या खडकाच्या वाफेतून पॅलिटॉक्सिन हे जहाल विष शरीरात गेलं तर अख्खं घर दवाखान्यात जाऊ शकतं.

पायरी ५ : मे महिना सांभाळा. इथे प्रश्न उलटा होतो, हव्या असलेल्या गोगलगायीच मरू लागतात. पारा चाळीसच्या वर गेला की आपण टँकवर पंखा लावतो. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत त्याने पाणी चांगलं गार होतं, पण बाष्पीभवनही जोरात होतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, खारटपणा चढतो. काचेवर मार्करने रेघ मारा आणि पातळी उतरली की रोज साधं आरओ-डीआय पाणी भरा, मिठाचं नाही. खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ (विशिष्ट गुरुत्व) आणि तापमान २५-२६ अंश धरून ठेवा. लोडशेडिंगसाठी निदान पाणी हलतं ठेवणारा वेव्हमेकर पंप तरी इन्व्हर्टरवर घ्या.

शेवाळ खाणाऱ्या नवीन गोगलगायी उन्हाळ्यात मागवूच नका. मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलेली पिशवी सकाळी तापलेली असते. थंडीत मागवा आणि बारीक नळीने टँकचं पाणी थेंब-थेंब सोडत तासभर त्यांना सवय करा. शंभर लिटरला सहा-सातने सुरुवात पुरे. विक्रेते याहून जास्त सुचवतात, पण शेवाळ संपलं की त्या उपाशी मरतात. त्यातली अ‍ॅस्ट्रिया जातीची गोगलगाय उलटी पडली की तिला सहसा सरळ होता येत नाही, म्हणून मी ट्रोकस जातीची घेतो. कोकणच्या सहलीत किनाऱ्यावरून शंख मात्र उचलून आणू नका. त्यात जिवंत कोन शंख निघाला तर त्याचा दंश माणसाचा जीव घेऊ शकतो.