हवेत इंजिन कुरकुरलं की डोक्याआधी हात चालतात: या चुका टाळा

दर शनिवारी संध्याकाळी नौपाड्यातल्या माझ्या घरी चार-पाच पोरं जमतात. कुणी कळव्याचा, कुणी ऐरोलीचा, एक मुलगी खारघरहून येते. सगळ्यांची वैमानिक परवान्याची तयारी चाललेली असते. मी प्रत्येक नव्या बॅचला एकच प्रश्न टाकतो: "3,000 फुटांवर आहात आणि इंजिन बंद पडलं. काय कराल?" इतकी वर्षं झाली, चुकीची उत्तरं बदलली नाहीत.

"सर, मेडे कॉल देणार." म्हणजे रेडिओवर धोक्याची हाक. अरे, कंट्रोलरसाहेब वर येऊन प्रोपेलर फिरवणार आहेत का? आधी नाक सांभाळा. इंजिनाविना तरंगायचा वेग सेसना 152 ला 60 नॉट, जुन्या 172 ला 65. तुमच्या विमानाच्या पुस्तकात असेल तो आकडा पकडा आणि ट्रिम, म्हणजे नाक त्या वेगावर धरून ठेवणारं चाक, लावून मोकळे व्हा. मग उतरायची जागा, मग कारण, मग बोलणं. रेडिओवरची संकटाची 121.5 फ्रीक्वेन्सी आणि ट्रान्सपाँडरवरचा 7700 कोड कुठे पळून जात नाहीत.

जागा म्हटली की नवी मुंबईच्या पोरांचं उत्तर ठरलेलं: "पाम बीच रोड, सर. एकदम रनवे." वरून दिसतो खरा. पण विमानाचे पंख 11 मीटरचे, आणि खाली दिव्याचे खांब, दुभाजक, सिग्नल, पाट्या. बाजूची खाडी ओहोटीला सपाट मैदान वाटते. त्या गाळात चाकं रुतली की विमान नाकावर उलटतं. त्यापेक्षा शेत बरं. तेही दिवाळीनंतरचं, कापणी झालेलं, बांधाला समांतर. विजेची तार वरून दिसत नाही. मनोरे दिसतात, मधली तार आपण धरून चालायची. वारा नसेल तर 3,000 फुटांवरून साधारण 8 किलोमीटर तरंगत जाता येतं. मी 4 च धरतो, भित्रा म्हणा हवं तर.

आता माझा आवडता विषय, कार्ब हीट: कार्बोरेटरमध्ये गरम हवा सोडणारा खटका. ठाण्यात घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असताना इंजिनात बर्फ होतो म्हटलं की पोरं हसतात. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाब उतरतो, त्यात पेट्रोलची वाफ होते, आणि आतलं तापमान 20 अंशांहून जास्त खाली येऊ शकतं. हवा कोकणातल्यासारखी दमट असली आणि थ्रॉटल अर्धवट मिटलेलं असलं, की बर्फ धरलाच. नव्या 172 एसला कार्बोरेटरच नाही. त्यामुळे तिच्यावर शिकून आलेल्यांना हा खटका शोभेचा वाटतो.

सप्टेंबरअखेरची गोष्ट. एका विद्यार्थ्याबरोबर 152 घेऊन धुळ्याहून जुहूकडे येत होतो. इगतपुरी मागे पडली, थ्रॉटल कमी करून खाली यायला लागलो. खाली भातसाचं पाणी, आजूबाजूला ढगांचे पुंजके. आरपीएम 2,300 वरून हळूहळू 2,100 वर आलं. इतकं गुपचूप, की पोराने थ्रॉटल दोनदा पुढे सारलं तरी त्याच्या लक्षात आलं नाही. मी म्हणालो, "कार्ब हीट." त्याने खटका पूर्ण ओढला. आरपीएम आणखी 100 ने पडलं, मग इंजिन खोकायला लागलं, सगळा डॅशबोर्ड थरथरला. त्याने घाबरून खटका धाडकन आत ढकलला.

ही ती चूक. इंजिन खोकतं कारण बर्फ वितळून पाणी आत जात असतं; औषध लागू पडतंय याची ती खूण. मी खटका परत ओढला आणि त्याच्या मुठीवर हात ठेवून बसलो. तो म्हणत होता, "सर, बंद पडतंय!" अर्धं मिनिट गेलं असेल, मला मात्र ते कसाऱ्याच्या घाटाएवढं लांब वाटलं. मग इंजिन एकदम गुळगुळीत झालं आणि आरपीएम आपोआप वर चढलं. खरं तर चूक माझीच. थ्रॉटल कमी करायच्या आधीच हीट ओढायला लावायला हवी होती. जुहूला मेकॅनिकने काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडून तासभर शोधलं, काही मिळालं नाही. मिळणार काय, पुरावा वितळून गेला होता.

उड्डाणानंतर लगेच इंजिन गेलं तर मागे वळू नका. जुहूच्या 26 नंबरच्या धावपट्टीवरून उठलात की समोर समुद्र, म्हणून सगळ्यांना वळायचा मोह होतो. 45 अंश कलून वळताना स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमान पेलत नाहीत तो, 19 टक्क्यांनी वाढतो आणि उंची भराभर जाते. मी धावपट्टीवर थ्रॉटल देण्याआधी मोठ्याने म्हणतो, "वळायचं नाही, समोरच." शेजारचा हसला तर हसू दे.

हवेत इंजिन बंद पडलं की पेट्रोलची टाकी बदलून बघा. आपल्या वडिलांची स्कूटर बंद पडली की ते आधी रिझर्व्हचा कॉक फिरवायचे, लाथ नंतर. विमानात मात्र पोरं किल्लीशीच झटत बसतात.

उतरताना मास्टर स्विच, म्हणजे विजेचा मुख्य खटका, शेवटी बंद करा. सेसनाचे फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, विजेवर चालतात. दाराची कडी टेकण्याआधी उघडा.

आणि उड्डाणाआधी टाकीतून काढलेला पेट्रोलचा नमुना घाईत नीट न बघणारे. जुलैत एकाने कप माझ्यापुढे नाचवला: "एकदम क्लीन, सर." विमानाचं पेट्रोल, 100 एलएल, निळं असतं. मी कप विमानाच्या पांढऱ्या पंखाजवळ धरला, निळ्याचा मागमूस नाही. त्याला म्हटलं, वास घे. वासच नव्हता. अख्खा कप पावसाच्या पाण्याचा होता, टाकीच्या झाकणाचं रबर फाटलं होतं. चौथ्या कपाला कुठे निळा रंग दिसायला लागला.