जिनिंगमध्ये ईएसजीचा फॉर्म आला, तर तो कसा भरावा

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना. तिथे सूतगिरणीकडून किंवा कापड कंपनीकडून ईएसजीचा, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार यांबद्दलचा फॉर्म आला की आधी पाहा, कोणता प्रश्न कोणाच्या दबावातून आलाय. पुरावा त्यावर ठरतो.

देशांनी कंपन्यांना ईएसजीचे अहवाल सक्तीचे केले त्यामागे तीन मोठी कारणं दिसतात. गुंतवणूकदाराला कंपनीची जोखीम आकड्यांत हवी असते. माल घेणारे देश स्वतःचे कायदे लावतात. युरोपीय संघाने तसा कायदा २०२२ मध्ये केला. आणि दुर्घटना: २०१३ मध्ये बांगलादेशात राणा प्लाझा कोसळून ११०० हून अधिक माणसं गेली, त्यानंतर मजुरांच्या सुरक्षेचे प्रश्न टाळता येईनात. आपल्याकडे २०११ मध्ये ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं आली, २०१२ मध्ये शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने बाजारमूल्याने पहिल्या १०० नोंदणीकृत कंपन्यांना अहवाल लावला, आणि २०२२-२३ पासून पहिल्या १,००० कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, सक्तीचा झाला. हिंगणघाट-वणीकडची खासगी जिनिंग त्यात मोडत नाही; पण तिची रुई घेणारी कंपनी मोडत असेल, तर फॉर्म तुमच्या दारात येणारच.

सुरुवात विजेपासून करा. महावितरणची बारा बिलं काढा आणि रुपये नव्हे, युनिट लिहा. समजा ६,००,००० युनिट आणि १२,००० गाठी; म्हणजे गाठीमागे ५० युनिट. युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर ४२० टन होतात. जनरेटरचं डिझेल वेगळं: लिटरला सुमारे २.७ किलो. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो, कारण कापूस हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर आणि अहवालाचं वर्ष एप्रिल ते मार्च. गाठी हंगामाच्या आणि युनिट आर्थिक वर्षाचे घेतले, तर गाठीमागचा आकडा साफ चुकतो. गाठींचं रजिस्टर महिन्याप्रमाणे ठेवा. छतावर सोलर असेल तर नेट मीटरच्या बिलात जागेवर वापरलेली वीज येत नाही. सोलरच्या मीटरचं रीडिंग वेगळं घ्या.

बोअरवेलला मीटर नसेल तर २०० लिटरचा ड्रम नळाखाली ठेवा आणि घड्याळ लावा. ५० सेकंदांत भरला तर तासाला १४,४०० लिटर. मग पंप किती तास चालला, तेवढं रोज लिहायचं. मीटर बसवणं अर्थात उत्तम.

मजुरांचा भाग मात्र सर्वांत काळजीने भरा. ठेकेदाराचे हमाल आणि रेच्यावर (सरकी काढणाऱ्या यंत्रावर) काम करणाऱ्या बाया मस्टरवर नसतात, म्हणून आकड्यातून गायब होतात. फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी वेगळा रकाना असतो. स्त्री-पुरुष, दिवस, तास आणि दिलेली मजुरी, सगळं लिहा. ६० जण, ८ तास, १५० दिवस म्हणजे ७२,००० तास. त्यात कामावरून घरी बसावं लागेल अशी एक इजा झाली, तर दहा लाख तासांमागे दर जवळपास १४ येतो. लहान युनिटचा दर असाच मोठा दिसतो, म्हणून इजा लपवू नका. कारण आणि नंतर काय दुरुस्ती केली, तेही जोडा. रोलरच्या पट्ट्याला जाळी बसवली असेल तर तिचा तारखेसह फोटो लावा.

कापूस कोणत्या गावचा, हे विचारलं असेल तर कापसाची गंजी (ढीग) लावण्याआधीच लॉट क्रमांकाची पाटी ठोका आणि काटापावतीवर तोच क्रमांक घाला. दोन गावांचा माल एकदा मिसळला की नंतर कागदावर तो वेगळा करता येत नाही. तिथे ‘मिश्र’ असंच लिहा.