मांजर अचानक आजारी पडलं तर घरी काय करायचं, काय अजिबात करायचं नाही

मांजराचा आजार आपल्याला अचानक वाटतो पण बऱ्याचदा तो अचानक आलेला नसतो, मांजराने तो लपवलेला असतो. दुखतंय हे कुणाला कळू न देणं हा त्यांचा स्वभावच आहे, त्यामुळे ते कोपऱ्यात जाऊन बसलंय, हाक मारली तरी येत नाहीये, खाण्याला तोंड लावत नाहीये हे आपल्या लक्षात येईपर्यंत दुखणं बरंच पुढे गेलेलं असू शकतं. म्हणून माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे की मांजराच्या बाबतीत "उद्या सकाळी बघू" हे वाक्य फार जपून वापरा. घरी इलाज करणं हे आपलं काम नाहीच, नीट बघायचं, लिहून ठेवायचं आणि वेळेत व्हेटकडे (जनावरांच्या डॉक्टरकडे) पोचवायचं, एवढं जमलं तरी खूप झालं.

कधी एक मिनिटही थांबायचं नाही ते आधी सांगते. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल तर लगेच निघा. कुत्रा धापा टाकतो तसं मांजर सहसा टाकत नाही. शांत झोपलेलं असताना छाती एका मिनिटात किती वेळा वरखाली होते ते मोजा, साधारण ३० च्या आत असायला हवं, ४० च्या वर जात असेल तर वाट बघू नका. मग ओठ हळूच वर करून हिरड्या बघा, गुलाबी असतील तर ठीक, पांढरट, निळसर, चॉकलेटी किंवा पिवळ्या दिसल्या तर फोन करतच बाहेर पडा. हिरडीवर बोट दाबून सोडलं की पांढरा झालेला डाग २ सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला पाहिजे, नाही झाला तर रक्ताभिसरण नीट चालत नाहीये. (काही मांजरांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या जिभेचा रंग बघा, आणि मांजर बरं असताना एकदा हे सगळं बघून ठेवा म्हणजे फरक कळतो.)

बोका पाळला असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. बोका सारखा लिटर बॉक्समध्ये जातोय, जोर लावतोय, ओरडतोय, खालचा भाग चाटत बसलाय आणि वाळू कोरडीच आहे, हे दिसलं की बरेच जण समजतात याला शी होत नाहीये, आणि पोट साफ व्हायचं काहीतरी देऊन रात्र काढतात. प्रत्यक्षात लघवी अडकलेली असू शकते. बोक्याचा लघवीचा मार्ग खूप अरुंद असतो, त्यात खडे किंवा चिकट गोळा अडकला की मूत्राशय फुगत जातं, किडनीवर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदयच थांबू शकतं, आणि हे सगळं एक-दोन दिवसात होतं. पोट दाबून लघवी काढायला जाऊ नका, मूत्राशय फुटू शकतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी जो दवाखाना उघडा असेल तिथे न्या. वेळेत नळी घालून मार्ग मोकळा केला तर बहुतेक बोके यातून उठतात म्हणूनच एवढं ठासून सांगतेय.

मागचे पाय एकदम लुळे पडले, पंजे थंड लागतायत आणि मांजर वेदनेने ओरडतंय, हे लोकांना कुठूनतरी पडल्यासारखं वाटतं, पण ती रक्ताची गुठळी असू शकते आणि त्यामागे बहुतेक वेळा हृदयाचा आजार असतो, जो तोपर्यंत कुणालाच माहीत नसतो. पाय चोळत बसू नका, लगेच न्या. फिट आली तर मांजराला धरू नका, तोंडात बोट किंवा चमचा घालू नका, आजूबाजूचं सामान बाजूला करा, दिवे मंद करा, घड्याळ बघा आणि घरातल्या दुसऱ्या कुणालातरी व्हिडिओ काढायला सांगा. ५ मिनिटांच्या वर फिट चालली किंवा एकामागोमाग एक येत राहिली तर तशीच उचलून न्यायची. आणि छोटं पिल्लू असेल तर वर लिहिलेल्या सगळ्या वेळा अजून कमी धरा, जुलाब-उलट्यांनी पिल्लू काही तासांत कोसळतं.

विषबाधेचं वेगळं सांगायला हवं, कारण ती बरेचदा आपल्याच घरातल्या वस्तूंनी होते. लिलीची फुलं मांजर असलेल्या घरात आणूच नका. पान, फूल, पराग, फुलदाणीतलं पाणी सगळंच विषारी, अंगावर पडलेले पराग चाटले तरी किडनी निकामी होऊ शकते. यात फसवं असं की आधी उलट्या होतात, मग मधेच मांजर बरं झाल्यासारखं वाटतं आणि एक ते तीन दिवसांत किडनी बंद पडते, त्यामुळे खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट बघायची नाही. दुसरं म्हणजे पॅरासिटामॉल. ताप वाटला म्हणून आपली अर्धी गोळी देणं म्हणजे मांजराला मारणं, हे मी जरा कठोर लिहितेय पण तसंच आहे, त्यांच्या शरीराला ते औषध पचवताच येत नाही, रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही आणि चेहरा, पंजे सुजतात. आयब्युप्रोफेन ही वेदनाशामक गोळीही मांजराला विषारीच. कुत्र्याच्या गोचिडांचं परमेथ्रिन (एक कीटकनाशक) असलेलं औषध मांजराला लावलं तर थरथर आणि फिट्स येतात. आणि विष पोटात गेलंय म्हणून घरी उलटी काढायची नाही, मीठ नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही, काही नाही. ज्या वस्तूची शंका आहे तिचं पाकीट किंवा पानाचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या.

तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. दुसरं टोक आत आतड्यात किंवा जिभेखाली अडकलेलं असतं आणि ओढल्यावर आतडं कापलं जातं.

यातलं काही नसेल, म्हणजे एकदा उलटी झाली पण मांजर खातंय, फिरतंय, लघवी व्यवस्थित आहे, तर काही तास लक्ष ठेवायला हरकत नाही. नाक कोरडं किंवा कान गरम यावरून ताप ठरवू नका. थर्मामीटर मागून (गुदद्वारात) लावावा लागतो, १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मल, १०४ च्या वर किंवा ९९ च्या खाली म्हणजे तातडी, पण मांजर फार चिडत असेल तर सोडून द्या, त्या झटापटीत श्वास आणखी बिघडतो. मात्र २४ तास पूर्ण उपास झाला असेल तर फोन करायचाच, खास करून जाड मांजर असेल तर, कारण काही दिवस खाल्लं नाही की अंगातली चरबी लिव्हरमध्ये साठायला लागते आणि मूळ आजार बाजूला राहून हा नवीनच आजार होऊन बसतो. आणि मांजर घुरघुरतंय म्हणजे मजेत आहे असं धरून चालू नका, दुखत असतानाही ती घुरघुरतात.

निघायच्या आधी दवाखान्यात फोन करा म्हणजे ते तयारीत राहतात. फोनमध्ये हे टिपून ठेवा: शेवटचं कधी खाल्लं, लघवी आणि शी कधी झाली, उलटी किती वेळा आणि कशी, कोणती औषधं चालू आहेत, लसी कधी झाल्या. ऐनवेळी डोकं चालत नाही, लिहिलेलं असलं की वाचून दाखवता येतं. घाबरलेल्या मांजराला मोठ्या टॉवेलमध्ये गुंडाळून कॅरिअरमध्ये ठेवा, झाकण वरून उघडणारं असेल तर फार बरं पडतं, वरून एक कापड टाका म्हणजे शांत राहतं. नुसतं मांडीवर घेऊन जाऊ नका, कितीही शांत मांजर असलं तरी रस्त्यात उडी मारून पळतं.

डॉक्टरांना प्रश्न विचारायला लाजू नका. तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची शंका आहे, कोणती तपासणी आजच केली तर उपचार बदलतील, ॲडमिट नाही केलं तर काय होईल, आणि एकूण खर्च साधारण किती येईल. पैशाचं सुरुवातीलाच मोकळेपणाने बोला, बजेट सांगितलं की डॉक्टर त्यात सगळ्यात गरजेचं काय ते निवडू शकतात, यात कमीपणा काहीच नाही.

घरी आणल्यावरचे दिवस कंटाळवाणे आणि थकवणारे असतात. एक लहान शांत खोली द्या, पाणी, खाणं आणि लिटर बॉक्स जवळजवळ पण लिटर खाण्याला चिकटून नको. मांजर वासावर खातं, म्हणून ओलं खाणं किंचित कोमट करून द्या. बळजबरीने सिरिंजने तोंडात ढकलू नका, छातीत गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि मळमळत असताना भरवलेल्या खाण्याचा मांजराला कायमचा तिटकाराही बसू शकतो. डॉक्टरांनी फीडिंग ट्यूब (खाणं थेट पोटात पोचवणारी नळी) सुचवली तर दचकू नका, दिसायला भयंकर वाटते पण रोजची मारामारी वाचते आणि औषधंही त्यातूनच जातात. गोळी तोंडाने देत असाल तर नंतर ५-६ मिली पाणी गालाच्या बाजूने हळूहळू पाजा, डॉक्सीसायक्लीनसारखी (हे एक अँटिबायोटिक) गोळी कोरडी अडकली तर अन्ननलिकेला जखम होते.

घरात इतर मांजरं असतील तर काय झालंय ते कळेपर्यंत वेगळंच ठेवा. पॅनल्युकोपेनिया (मांजरांचा झपाट्याने पसरणारा व्हायरसचा आजार) निघाला तर त्याचा व्हायरस घरात वर्षभरसुद्धा टिकतो, साध्या फिनेलने जात नाही, पातळ केलेलं ब्लीच लागतं, आणि लस न दिलेलं पिल्लू त्या घरात आणायचं नाही.

स्वतःकडेही बघा. रात्रीची जागरणं वाटून घ्या, औषधांचा तक्ता फ्रीजवर लावा म्हणजे दोघांनी एकच डोस दिला असं होत नाही. कुणी "मांजरच तर आहे" म्हणालं तर त्यांच्याशी वाद घालायला आत्ता तुमच्याकडे ताकद नाहीये, सोडून द्या, आणि ज्याला कळतं त्यालाच फोन करा. आणि डॉक्टर म्हणाले की आता फक्त त्रास लांबतोय, तर घाई न करता विचारा की याला वेदना आहेत का, त्या औषधाने थांबतील का, स्वतःहून खाणं-फिरणं परत येण्याची शक्यता किती. त्या उत्तरांवरून इंजेक्शनने कायमचं शांतपणे झोपवण्याचा निर्णय घ्यावा लागला तर तो तुम्ही मांजरासाठी घेताय, मांजराला सोडून देत नाही आहात.

बरं होऊन घरी आलेल्या मांजरावर दुसरं मांजर गुरगुरलं तर घाबरू नका, दवाखान्याच्या वासामुळे ते त्याला ओळखतच नाही. घरातलं जुनं पांघरूण दोघांच्या अंगावरून फिरवा, एक-दोन दिवस दार बंद ठेवून मग थोडं थोडं भेटवा. आणि फेरतपासणीची तारीख मांजर एकदम ठणठणीत दिसत असलं तरी चुकवू नका.