चिनी पद्धतीने शिलालेखाचा ठसा कसा घ्यायचा

आधी एक गैरसमज. ठसा म्हणजे दगडाला शाई फासायची आणि वर कागद दाबायचा असं नाही हां, तसं केलंत तर अक्षरं उलटी येतील आणि दगडाचीही वाट लागेल. यात शाई दगडाला लागतच नाही, कागदाच्या वरच्या बाजूला लागते, म्हणून अक्षरं सुलटी येतात, काळ्यावर पांढरी.

सरावाला आपल्याच दाराबाहेरची, नाव कोरलेली दगडी पाटी घ्या. देवळातल्या नाहीतर किल्ल्यावरच्या शिलालेखाला परवानगीशिवाय हात लावू नका. पाटी धुवा, खाचांमधली माती जुन्या टूथब्रशने काढा. कागद पातळ हवा पण ओला झाल्यावर न फाटणारा, चीनमध्ये शुआन नावाचा कागद वापरतात. तो भिजवून पाटीवर चिकटवा, मधून कडेकडे ब्रश फिरवत हवा काढा, मग वर फडकं ठेवून ताठ केसांच्या ब्रशने ठोका. घासायचं नाही, ठोकायचं, कागद खाचेत उतरला पाहिजे.

आता थांबा. इथेच मी पहिल्यांदा घाई केली, कागद ओलाच होता, शाई पसरली आणि माझ्या आडनावाचा नुसता काळा डाग झाला. कागद वरून पांढरा पडला, पण बोट लावलं की अजून गार लागतोय, तेव्हा सुरू करायचं. रेशमी कापडात कापसाची पुरचुंडी बांधा, शाई लावून आधी बशीत टिपून घ्या आणि हलक्या हाताने थापत चला, एकदम काळं करायला जाऊ नका, चार-पाच थर द्या. फिकट ठशाला चिनी लोक सिकाडा या किड्याच्या पातळ पंखाची उपमा देतात, मला तोच जास्त आवडतो.

एवढा खटाटोप कशासाठी, तर छपाई रुळायच्या आधी अचूक प्रत मिळवायचा हा भारी मार्ग होता. 837 साली चीनच्या थांग राजवटीत कन्फ्यूशियस परंपरेचे अभिजात ग्रंथ 114 शिळांवर कोरून पूर्ण केले, त्या शिळा आज चीनमधल्या शिआन शहरातल्या शिलालेख संग्रहालयात उभ्या आहेत. सुलेखनात तर ठशांशिवाय पानच हलत नाही, कारण चौथ्या शतकातला थोर सुलेखनकार वांग शीझ, त्याच्या हातचं अस्सल असं काही उरलेलंच नाही, जे आहे ते नकला आणि ठसे. 992 मध्ये सोंग सम्राट ताइत्सोंगने जुन्या सुलेखनकारांची अक्षरं कोरून घेतली आणि ठशांचे 10 खंड काढले, त्यातले 5 एकट्या वांग शीझ आणि त्याच्या पोराचे! मग त्या ठशांवरून परत कोरीव काम, त्यावरून परत ठसे, आणि पोरं ते गिरवत बसली.

पण नुसता ठसा बघून तो जुना की नवा हे कसं ओळखायचं? जाणकार आधी दगडाच्या जखमा बघतात. हान काळातला अधिकारी छाओ छ्वान याचा 185 सालचा शिलालेख मिंग काळात (1368–1644) जमिनीतून निघाला आणि पुढे त्याला मोठी भेग गेली, त्यामुळे भेग पडायच्या आधीचे ठसे दुर्मीळ. त्यातल्या ‘छिएन’ अक्षरात टवका उडून उभी रेघ आरपार गेल्यासारखी दिसते, ती नसेल तर ठसा आधीचा.

तर ठसा पूर्ण वाळायच्या आत, कोपऱ्यापासून हळूच सोडवा, आणि मागे पेन्सिलने तारीख टाका, तुमच्या पाटीचेही टवके उडणारच आहेत.