घडीचा स्प्रे बूथ: पाइप कापण्याआधीची तयारी

घरच्या वर्कशॉपमध्ये स्प्रे बूथ, म्हणजे रंग फवारण्याचा आडोसा, कायमचा उभा ठेवण्याएवढी जागा सहसा नसते. त्याच जागेत करवत चालते, तिथेच ग्राइंडर फिरतो, तिथेच गाडी उभी राहते. मग काम असेल तेव्हा ओढून उभा करायचा आणि काम झालं की भिंतीला सरकवून टाकायचा, असा घडीचा बूथ हाच मार्ग उरतो. बहुतेक जण त्याची सुरुवात सांगाड्यापासून करतात, कारण सांगाडा डोळ्यांना दिसतो आणि बनवायला मजा येते. पण मिटणं-उघडणं हा यातला सोपा भाग. खरं काम हवेचं आहे. ती कुठून येणार, किती येणार आणि कुठून जाणार हे कागदावर नीट उतरल्याशिवाय एकही पाइप कापू नका.

त्याच्याही आधी एका प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवा: या बूथमध्ये नेमकं काय मारणार? पाण्यावर आधारित रंग आणि वॉर्निश असतील तर मुख्य त्रास उडणाऱ्या कणांचा, आणि तो फिल्टरने बराचसा आवरतो. थिनरवाले रंग, लॅकर असतील तर कणांबरोबर वाफ आली, आणि वाफ फिल्टरमध्ये अडकत नाही. थिनरमधल्या टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेट घेण्याएवढी वाफ निघू लागते ते तापमान, सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे, ॲसिटोनचा तर शून्याच्या बराच खाली. म्हणजे नेहमीच्या तापमानाला यांची वाफ पेट घ्यायला एक ठिणगी पुरते. हार्डनर मिसळून मारायचे टू-के पॉलियुरेथेन रंग घरच्या घडीच्या बूथमध्ये मारूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट घातक प्रमाणात असूनही वासावरून कळत नाही, आणि एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दमा उसळतो. त्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच लागतो. आपल्या भागातले अग्निशमनाचे नियम आणि घराच्या विम्यातल्या अटीही याच टप्प्यावर वाचून घ्या. राहत्या इमारतीत थिनरवाल्या रंगाची फवारणी चालत नाही असं निघालं, तर पुढचा सगळा आराखडा पाण्याच्या रंगांपुरता आखायचा.

आता हवा. उघड्या तोंडाच्या बूथसाठी ओशा या अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांत तोंडाशी सरासरी मिनिटाला १०० फूट, म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेग मागितला आहे. तुम्हाला तो नियम लागू असो वा नसो, हिशेबाला हा आकडा चांगला आहे. समजा बूथ १.८ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच आहे. तोंडाचं क्षेत्रफळ ३.७८ चौरस मीटर. त्याला अर्ध्या मीटरने गुणलं की सेकंदाला १.८९ घनमीटर, म्हणजे ताशी ६८०० घनमीटर, पंख्यांच्या भाषेत सुमारे ४००० सीएफएम (मिनिटाला घनफूट). स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन याच्या आसपासही पोचत नाही. आकडा पाहून घाम फुटला तर पंखा वाढवण्याआधी बूथ लहान करता येतो का ते बघा. खुर्च्या आणि कपाटाची दारंच रंगवायची असतील तर माणूस उभा राहील एवढं तोंड कशाला हवं? माणूस बाहेर, वस्तू आत, असा दीड मीटर रुंद आणि दीड मीटर उंच बूथ निम्म्याहून थोड्या जास्त हवेत भागतो.

पंख्याच्या डब्यावर छापलेला आकडा समोर काहीही अडथळा नसतानाचा असतो. फिल्टर, डक्ट (हवा बाहेर नेणारी नळी), एखादं वळण लागलं की तो झपाट्याने उतरतो. म्हणून विकत घेताना सुमारे १२५ पास्कल दाब असताना हा पंखा किती हवा खेचतो ते विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर पुढच्या दुकानात जा. थिनरच्या वाफेतून हवा खेचायची असेल तर मोटर त्या प्रवाहात नको. मोटर बाहेर आणि पातं पट्ट्याने फिरणारं, पातं ॲल्युमिनियमचं, किंवा मग स्फोटरोधक म्हणून प्रमाणित केलेली मोटर, एवढेच पर्याय आहेत. डक्ट गुळगुळीत पत्र्याचा, जमेल तितका आखूड, वळणं जमेल तितकी कमी. तो बाहेर उघडतो तिथे शेजाऱ्यांची खिडकी नाही आणि आपल्याच आत येणाऱ्या हवेचं तोंडही नाही, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा.

जाणाऱ्या हवेइतकीच हवा आत यावी लागते, आणि ही गोष्ट हमखास राहून जाते. ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीत ७२ घनमीटर हवा असते. वरचा पंखा तेवढी हवा चाळीस सेकंदांच्या आत ओढतो. दारं बंद असतील तर तो नुसता गुरगुरतो, हवा फारशी हलत नाही, आणि फटीफटीतून धूळ मात्र खेचली जाते. घराला जोडून गॅस गीझर असेल तर त्याच्या चिमणीतून उलटी हवा येऊन कार्बन मोनॉक्साइड खोलीत उतरू शकतो. म्हणून आत येणाऱ्या हवेला ठरलेला रस्ता द्या. बूथच्या तोंडाच्या निम्म्याएवढं उघडं क्षेत्र मिळालं तर तिथे वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास राहतो. दाराच्या मापाची एक चौकट करा, तिच्यात एअर कंडिशनिंगचे साधे फिल्टर बसवा, आणि रंगाच्या दिवशी दार उघडून ती चौकट तिथे उभी करा.

एवढं ठरलं की बूथची मागची भिंत ठरते, आणि ती हलणार नाही. पंखा आणि फिल्टर बाहेरच्या भिंतीला पक्के, आणि त्यांच्यापासून पुढे हार्मोनियमच्या भात्यासारखा बूथ उघडतो, अशी रचना करा. पंख्यासकट सगळंच चाकांवर फिरवायच्या योजना कागदावर छान दिसतात, पण दर वेळी डक्ट जोडायचा कंटाळा येतो आणि एखाद्या दिवशी डक्टशिवायच फवारणी होते. मागच्या पेटीत ५० सेंटिमीटर चौकोनी, काचतंतूचे, रंग अडवणारे फिल्टर तीन उभ्या रांगांत तीन-तीन किंवा चार-चार बसवा. फिल्टर आणि पंखा यांच्यात अर्ध्या मीटरची पोकळी ठेवली नाही तर पंख्यासमोरचे दोनच फिल्टर काम करतात आणि कोपऱ्यांतले कोरे राहतात. फिल्टरची खालची आडवी रांग जमिनीला टेकलेली हवी. टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते, ती खालीच साचते.

आता कुठे पाइप. १.८ बाय २.१ मीटरची एक उलट्या यू आकाराची कमान म्हणजे दोन पाय आणि एक माथा मिळून बरोबर ६ मीटर, आणि चौकोनी पाइप ६ मीटरच्या लांबीत मिळत असेल तर एका नगात एक कमान बसते. करवतीच्या पात्याची जाडी जाईल तेवढे चार-पाच मिलिमीटर पायांतून कमी धरा, नाहीतर शेवटचा तुकडा तोकडा पडतो. २५ मिलिमीटर चौकोनी, १.२ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पाइपची अशी कमान साडेपाच किलोच्या आत-बाहेर भरते. अर्ध्या-अर्ध्या मीटरवर सहा कमानी धरल्या तर बूथ अडीच मीटर खोल होतो आणि वजन पडद्यासकट ३५ किलोवर जातं. मिटल्यावर पाइपांची जाडी १५ सेंटिमीटरच असते, पण कापडाच्या चुण्या बाहेर येतात त्यांना दोन्ही बाजूंना पाव-पाव मीटर मोकळं ठेवा.

कमानी छतावरच्या रेलवर लटकवायच्या की खाली चाकांवर, हा वादाचा मुद्दा आहे. मी रेलच्या बाजूने. खालची चाकं भुसा आणि सुकलेल्या रंगाच्या कणांनी अडतात, आणि वर्कशॉपची जमीन सपाट असल्याचं कधी ऐकलं नाही. रेल मात्र तुळईला किंवा स्लॅबला बोल्टने, नुसत्या फॉल्स सीलिंगला नव्हे. सगळ्यात पुढच्या कमानीला ब्रेकवाली दोन चाकं चालतील, म्हणजे ती झुलत नाही. आणखी एक बारीक काम आताच करून घ्या: रेलमधली चाकं नायलॉनची असतील तर कमानी एकमेकींपासून आणि अर्थिंगपासून तुटतात. शेजारच्या दोन कमानींमध्ये विणलेल्या तांब्याची लवचीक पट्टी दोन्हीकडे बोल्टने आवळा, बोल्टखालचा रंग घासून काढा, आणि शेवटची कमान अर्थिंगला जोडा. मल्टिमीटरने पहिल्या कमानीपासून शेवटच्या कमानीपर्यंत सलगता तपासा.

पडदा कमानींच्या बाहेरून लावा, आतून नव्हे. पंखा चालू झाला की बूथमधला दाब थोडा उतरतो आणि पडदा आत ओढला जातो. १० पास्कलचा फरक ऐकायला काहीच नाही, पण ५ चौरस मीटरच्या बाजूवर तो सुमारे ५ किलोचा जोर होतो. पडदा बाहेरून असेल तर हा जोर पाइपवर टेकतो. आतून असेल तर क्लिपा तटातट सुटतात आणि ओल्या दारावर प्लास्टिक येऊन चिकटतं. खालच्या दुमडीत साखळी ओवा, म्हणजे कड जमिनीवर बसून राहते. कापड घेताना आग न पसरवणारं पीव्हीसी-लेपित कापड मागा. स्वस्तातलं पॉलिथिन पेटतं, वितळून थेंब पडतात, शिवाय त्यावर रंग नीट चिकटत नाही आणि घडी घालताना पापुद्रे सुटतात. हे पापुद्रे पुढच्या वेळी पंखा लावला की नेमके ताज्या कोटवर येऊन बसतात. फिल्टरजवळच्या दोन भागांत सर्वाधिक रंग साठतो, तिथे आतून काढून टाकता येईल असं अस्तर लावा. मिटवण्याआधी पडदा कोरडा झालेला हवा आणि ओल्या फडक्याने पुसलेला हवा. साधा व्हॅक्यूम क्लीनर थिनरच्या वाफेत नको, त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या पडतात. नायट्रोसेल्युलोज लॅकरचा साठलेला भुगा आणि जवसाच्या तेलाचे बोळे आपोआप पेटू शकतात, त्यामुळे ते झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाण्यात बुडवून, बाहेर.

दिवे बूथच्या बाहेर. पडद्यात पारदर्शक पट्टे शिवून घ्या आणि दोन्ही बाजूंना उभे एलईडी दिवे असे ठेवा की उजेड कामावर तिरपा पडेल. ओला कोट कुठे बसला आणि कुठे सुटला हे त्या तिरप्या उजेडाच्या चकाकीतच कळतं, डोक्यावरचा दिवा त्याबाबत निरुपयोगी. रंग जुळवायचा असेल तर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचे दिवे. सगळी बटणं बाहेर. पंखा चालू असेल तरच स्प्रे गनची हवा सुरू होईल अशी सोलेनॉइड (विजेवर उघडणारी) व्हॉल्व्ह लावून घेतली तर विसरण्याचा प्रश्नच मिटतो, आणि फार खर्चिकही नाही.

घडीच्या बूथचा खास धोका असा की उरलेलं वर्कशॉप शेजारीच जागं असतं. ओशाचाच आणखी एक नियम फवारणीपासून २० फुटांच्या आत, मध्ये भिंत नसेल तर, ज्योत किंवा ठिणगी पाडणारं काहीही असू नये असं सांगतो. म्हणून बूथ ओढण्याआधी ग्राइंडर, वेल्डिंग, चार्जर यांचे प्लग काढा, नुसतं बटण बंद नको. अग्निशामक बूथच्या आत नको, बाहेर पडायच्या वाटेवर हवा.

मास्क विकत घेताना कार्ट्रिजवरची, म्हणजे त्याच्या बदलायच्या गाळणीवरची, अक्षरं वाचा. युरोपीय पद्धतीत तपकिरी पट्टी आणि ए२ म्हणजे सेंद्रिय वाफा, त्याला पी२ किंवा पी३ जोडलेलं असलं की कणही अडतात. ॲसिटोन मात्र ५६ अंशांनाच उकळतं, त्याला एएक्स कार्ट्रिज वेगळं लागतं. दाढीवर मास्क बसत नाही, तिथे वाद नको. वापरून झाल्यावर कार्ट्रिज हवाबंद पिशवीत, नाहीतर ते खुंटीवर लटकूनही भरत राहतं.

कॉम्प्रेसर बूथच्या बाहेर, आणि पाणी अडवणारा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून नव्हे तर काही मीटर पाइपनंतर, हवा थंड झाल्यावर. गरम हवेतलं पाणी त्याला पकडता येत नाही. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गन घेतली तर उडून वाया जाणारा रंग कमी, म्हणजे फिल्टरही जास्त टिकतात.

फिल्टर कधी बदलायचे हे डोळ्यांनी ठरवू नका. पारदर्शक नळीचं एक टोक फिल्टरमागच्या पेटीत आणि दुसरं बाहेर, रंगीत पाण्याच्या रुंद उघड्या बाटलीत सोडा. २५ पास्कलला उभ्या नळीत पाणी अवघं अडीच मिलिमीटर हलतं, ते वाचता येत नाही. बाटलीतून निघालेली नळी फळीवर १० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर चढेल अशी तिरपी बसवली तर त्या फळीवर तेच पाणी अडीच सेंटिमीटर सरकतं. कोऱ्या फिल्टरवरची खूण पेन्सिलने करून ठेवा आणि फिल्टरच्या खोक्यावर दिलेल्या कमाल दाबाची दुसरी.

रंगाचा डबा उघडण्याआधी एक पूर्ण फेरी रिकामी करा. बूथ ओढा, पंखा लावा, तोंडाशी आडव्या काठीला शिवणाचे दोरे हातभर अंतरावर बांधा. सगळे दोरे सारखे मागे झुकले पाहिजेत. एखादा लोंबकळत राहिला तर त्या बाजूला हवा थबकते आहे, एखादा पुढे आला तर भोवरा आहे. मग आत एक काळी चकचकीत फळी अर्धा तास ठेवा आणि तिरप्या उजेडात तिच्यावरची धूळ बघा. कण एका कडेला दाटले असतील तर त्या बाजूच्या पडद्याची फट शोधा. सगळीकडे सारखे असतील तर दारातल्या चौकटीचे फिल्टर बारीक जाळीचे घ्या आणि जमीन ओली करून पुन्हा पाहा.